मुख्याधिकारी, आयुक्त, प्रशासक : तीन नगरांतील एका सेवेच्या परिभाषेचे परीक्षण

शासनव्यवहाराच्या मराठीवर आजवर जी टीका झाली, तिचा भर बहुतांशी शब्दांच्या काठिण्यावर राहिला आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध केला, तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून त्याची जी थट्टा झाली, तीही याच भूमिकेतून. शब्द संस्कृतप्रचुर आहेत, ते जिभेवर रुळणार नाहीत, लोक आपले 'कमिशनर' आणि 'चीफ ऑफिसर' हेच म्हणत राहतील, असा या आक्षेपांचा एकंदर रोख होता. साठ वर्षांच्या अनुभवाने या वादाचा निकाल बराचसा लागला आहे. 'आयुक्त', 'संचालक', 'अभियंता' हे शब्द आज वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणासही अडत नाहीत, आणि 'सी. ओ. साहेब' हे संबोधन त्यांच्याशेजारी निर्वेधपणे नांदते. परंतु काठिण्याच्या या वादात एक अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. पदनाम हे त्या पदाचा इतरांशी असलेला संबंध सांगते काय? नगराचा कारभार करणारी व्यक्ती कोणाची, कोणास उत्तरदायी, आणि कोणत्या कृतीची कर्ती, हे तिच्या नावावरून व तिच्या लेखनावरून वाचकास कळते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ठाणे जिल्ह्यातील तीन नगरांच्या आधारे केला आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर, परस्परांस लागून वसलेली नगरे होत. त्यांचे मूळ मात्र भिन्न आहे. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीवर फाळणीनंतर वसलेले निर्वासित सिंधी समाजाचे नगर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि त्याच्या भागांस आजही 'कॅम्प नंबर' एक ते पाच असेच म्हणतात. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे जुने गाव. त्याच्या नावाचा संबंध घोडे बदलण्याच्या ठाण्याशी लावणारी लोकव्युत्पत्ती प्रसिद्ध आहे, ती तूर्त लोकव्युत्पत्ती म्हणूनच स्वीकारावी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक गोष्ट अशी की, नगरकारभाराच्या कायद्यांखाली या नगरांचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी झाला. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर तिच्या हद्दीत गेली. १९९२ साली ती तिच्यातून बाहेर पडली व त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. म्हणजे ही दोन नगरे आयुक्ताच्या कक्षेतून मुख्याधिकाऱ्याच्या कक्षेत आली. उल्हासनगर १९९६ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाले. म्हणजे ते मुख्याधिकाऱ्याकडून आयुक्ताकडे गेले. पुढे तिन्ही ठिकाणी लोकनियुक्त सभांची मुदत संपून 'प्रशासक' आला : अंबरनाथ व बदलापूर येथे २०२० साली, उल्हासनगर येथे २०२२ साली. काही किलोमीटरांच्या अंतरात, एका पिढीच्या अवधीत, एकाच कार्याची तीन पदनामे येथे आलटून पालटून वावरली आहेत. पदनामांच्या अभ्यासास याहून अनुकूल क्षेत्र सहसा मिळणार नाही.

१

प्रथम या तीन नावांची घडण पाहावी. 'मुख्याधिकारी' या सामासिक शब्दातील 'अधिकारी' हे 'अधिकार' या नामास 'इन्' प्रत्यय लागून झालेले रूप आहे. ज्याच्यापाशी अधिकार आहे तो, असा त्याचा मत्वर्थीय म्हणजे स्वामित्वदर्शक अर्थ. 'आयुक्त' हे 'युज्' धातूचे 'आ' उपसर्गपूर्वक कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. ज्यास नेमले आहे, योजिले आहे तो. या शब्दाचे कुळ जुने आहे. अशोकाच्या शिलाशासनांत 'युत' हे राजपुरुष आढळतात, आणि गुप्तकालीन ताम्रपटांत 'आयुक्तक' नावाचे अधिकारी भेटतात. 'प्रशासक' हे 'प्र' उपसर्गासह 'शास्' धातूस 'अक' प्रत्यय लागून झालेले कर्तृवाचक नाम. जो शासन करतो तो. सारांश, एक नाव स्वामीचे, दुसरे कर्माचे, तिसरे कर्त्याचे आहे.

आता या व्याकरणाशेजारी कायदा ठेवून पाहावा. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम मुख्याधिकाऱ्यास नगराध्यक्षाच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली व देखरेखीखाली काम करावयास सांगतो. ज्याच्या नावातच 'अधिकार' आणि 'मुख्य' हे दोन्ही शब्द आहेत, तो तिघांमध्ये सर्वांत अधिक बांधलेला आहे. उलट महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम संपूर्ण कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या ठायी ठेवतो. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. कारभाराची सूत्रे त्याच्याकडे नसतात. म्हणजे ज्याचे नाव कर्मणि आहे, तोच खरा कर्ता. 'नेमलेला' एवढेच ते नाव सांगते. कोणी नेमलेला, हे त्यात अध्याहृत राहते. तो कर्ता म्हणजे राज्यशासन.

निवडून आलेल्या सदस्यांच्या नावाकडे पाहिले म्हणजे हा विपर्यास पूर्ण होतो. लोकव्यवहारात त्यास 'नगरसेवक' म्हणतात. ज्याला लोकांनी सत्ता दिली तो नावाने सेवक, आणि ज्याने सेवेत प्रवेश केला तो नावाने अधिकारी! लोकशाहीतील विनयाचा हा संकेत असेल. पण संकेत कितीही सुंदर असला तरी तो वाचकास वस्तुस्थिती कळू देत नसेल, तर समीक्षकाने ते सांगितले पाहिजे.

पदनाम तेच राहून त्यातील आशय पालटल्याचेही उदाहरण येथे आहे. १९२५ च्या मुंबई म्युनिसिपल बरो अधिनियमाखाली 'चीफ ऑफिसर' हा नगरपालिकेनेच नेमलेला तिचा सेवक असे. १९६५ च्या अधिनियमाच्या व्यवस्थेत हा अधिकारी राज्यशासनाच्या संवर्गातून येऊ लागला. त्याला नेमणारी, बढती देणारी व हलविणारी सत्ता मुंबईस गेली. 'मुख्याधिकारी' हे नाव मात्र नगराच्या पाटीवर होते तसेच राहिले.

जिल्हा परिषदेच्या बाबतीत शब्दयोजना थोडी अधिक काटेकोर झाली, हे येथे नमूद करणे योग्य होईल. १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांच्या प्रमुखास 'मुख्य कार्यकारी अधिकारी' असे नाव मिळाले. 'कार्यकारी' या एका विशेषणाने त्याचा अधिकार कशापुरता आहे ते सांगितले आहे : ठरविणारे दुसरे, पार पाडणारा हा. बदलापूरच्या भोवतालच्या खेड्यांचा कारभार या व्यवस्थेखाली चालतो. गावाची हद्द संपून नगराची हद्द सुरू झाली की ते विशेषण गळून पडते.

२

या सेवेचे पाश्चात्त्य रूप तुलनेसाठी पाहणे उपयुक्त आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील स्टॉन्टन या नगराने १९०८ साली वेतनावर एक व्यवस्थापक नेमला. ओहायोमधील डेटन येथे मार्च १९१३ च्या महापुरानंतर ही पद्धती स्वीकारली गेली आणि ती तेथून देशभर पसरली. १९१४ साली अशा व्यवस्थापकांची संघटनाही स्थापन झाली. या पद्धतीचे सूत्र असे की, निवडून आलेली सभा धोरण ठरविते, व्यवस्थापकास तीच नेमते आणि तीच काढते. नगराचा व्यवस्थापक हा नगराचा नोकर असतो, आणि त्याचे व्यावसायिक आयुष्य एका नगराकडून दुसऱ्या नगराकडे, त्या त्या नगराच्या पसंतीने, पुढे सरकते.

मराठीत 'व्यवस्थापक' हा शब्द आहे. तो बँकेचा असतो, कारखान्याचा असतो, खानावळीचाही असतो. नगराचा व्यवस्थापक मात्र मराठीत नाही. ही शब्दकोशकारांची चूक नव्हे. ती वस्तू कायद्यात नाही, म्हणून तो शब्द भाषेत नाही. महानगरपालिकेच्या एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केल्यास आयुक्तास परत बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. तथापि २०१६ साली नवी मुंबईत आयुक्ताविरुद्ध असा ठराव झाल्यावरही ते पुढे काही महिने त्या पदावर राहिले. नियुक्तीचा कर्ता कोण, हे अशा वेळी स्पष्ट होते.

'मुख्य' या विशेषणाची व्याप्तीही तपासून पाहावी लागते. अंबरनाथ व बदलापूर येथे घरोघर येणारे पाणी नगरपरिषदेचे नसते. ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे असते. उल्हासनगरास पाणी मिळते ते औद्योगिक विकास महामंडळाकडून, बारवी धरणाचे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरांसाठी १८ विषय मांडले, त्यांत पाणीपुरवठा आहेच. तरीही नळ कोरडा पडलेला नागरिक ज्याच्या दालनासमोर उभा राहतो, त्या मुख्याधिकाऱ्यास तेथे 'हा विषय आमच्याकडे नाही' एवढेच उत्तर देता येते. ते उत्तर खरे असते. पण दारावरील पाटी वाचून आलेल्या माणसास ते खोटे वाटते, आणि त्या अविश्वासाचा काही भाग पाटीच्या शब्दांनी निर्माण केलेला असतो.

३

या सेवेत शिरणाऱ्या तरुणाचे आयुष्य कोणत्या शब्दांनी मोजले जाते, तेही पाहण्याजोगे आहे. विद्यापीठांतील अनेक पदवीधर राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून मुख्याधिकारी होतात. दुसरी वाट खालून वर जाते : नगरपरिषदेतील लिपिक १९२६ साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची पदविका घेतो आणि पायरी पायरीने चढतो. नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार 'अ', 'ब', 'क' असे वर्ग आहेत. एक लाखावरील वस्तीचे नगर 'अ' वर्गात येते. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या सुमारे २ लाख ५३ हजार व कुळगाव-बदलापूरची सुमारे १ लाख ७४ हजार असल्याने दोन्ही 'अ' वर्गात मोडतात. अधिकारी लहान वर्गाकडून मोठ्या वर्गाकडे आणि पुढे महानगरपालिकेतील उपायुक्तपदाकडे जातो. वर्णमालेतील अक्षरे तो उलट्या क्रमाने चढत असतो.

या प्रवासाला मराठीत दोन नावे आहेत. अधिकारी स्वतः त्यास 'सेवा' म्हणतो. सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती हे त्याचे शब्द. नगर त्यास 'कारकीर्द' म्हणते. या फारसी शब्दाचा मूळ अर्थ केलेले काम असा आहे. मराठीत तो राजाच्या किंवा सुभेदाराच्या अमदानीस लागू लागला, आणि आजही 'अमक्या मुख्याधिकाऱ्याच्या कारकीर्दीत रस्ता झाला' असे वाक्य नगरात सहज ऐकू येते. इंग्रजी 'करिअर' या अर्थाने हाच शब्द अलीकडे अधिकाऱ्याच्या सबंध आयुष्यासाठी वापरू लागले आहेत. हे दोन अर्थ एकमेकांस छेदतात. नगराच्या अर्थाने कारकीर्द एका ठिकाणी असते व ती कामाने मोजतात. अधिकाऱ्याच्या अर्थाने ती अनेक ठिकाणी पसरलेली असते व ती वर्षांनी आणि पदांनी मोजतात. या दोहोंच्या मध्ये 'बदली' हा शब्द उभा आहे. बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमाने एका पदावरील सामान्य कालावधी तीन वर्षांचा धरला आहे. २००१ ते २०११ या दशकात बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या घरात गेली. असे वाढते नगर ज्या विकास आराखड्यावर उभे राहते, त्याची मुदत वीस वर्षांची असते. तीन वर्षांच्या माणसाने वीस वर्षांचे वाक्य सुरू करावयाचे आणि ते दुसऱ्याने, पुढे तिसऱ्याने पुरे करावयाचे, अशी ही रचना आहे. अशा वाक्यात कर्ता हरवला तर त्यात नवल नाही.

४

कर्ता हरवण्याचे साधन मात्र भाषेनेच पुरविले आहे. कार्यालयीन मराठीची सर्वांत आवडती क्रियापदरचना म्हणजे 'ण्यात येणे'. 'मान्यता देण्यात येत आहे', 'कारवाई करण्यात येईल', 'निदर्शनास आणून देण्यात आले'. क्रियावाचक नामाची सप्तमी आणि तिच्यापुढे 'येणे' हे अकर्मक क्रियापद. या रचनेत 'कडून' घालून कर्ता सांगण्याची सोय आहे. पण ती रचना लोकप्रिय झाली ती ही सोय न वापरण्यासाठीच. मान्यता कोणी दिली, हे वाक्य सांगत नाही. ती वाऱ्याने यावी तशी 'येते'.

सभा अस्तित्वात असते तोवर या दोषावर एक उतारा असतो. सर्वसाधारण सभेच्या ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' यांची नावे असतात. वाक्य कर्त्याविना असले तरी त्याच्या पायथ्याशी दोन माणसे उभी असतात, आणि मतविभागणी झाली असेल तर विरोधकांचीही नोंद राहते. प्रशासकाच्या काळात हे पायथ्याचे दगड निघून जातात. राज्यातील अनेक नगरपरिषदांत या काळात मुख्याधिकारीच प्रशासक होता व महानगरपालिकांत आयुक्तच प्रशासक होता. त्यांच्या सहीखाली 'मुख्याधिकारी तथा प्रशासक', 'आयुक्त तथा प्रशासक' अशी मुद्रा उमटत असे. येथील 'तथा' हे उभयान्वयी अव्यय विशेष विचारार्ह आहे. साहित्यिक मराठीत ते दोन भिन्न वस्तू जोडते. येथे ते एकाच माणसाच्या दोन भूमिका जोडते. मुख्याधिकारी या नात्याने प्रस्ताव मांडावयाचा, प्रशासक या नात्याने तो मंजूर करावयाचा, पुन्हा मुख्याधिकारी या नात्याने तो अमलात आणावयाचा. आणि या तिन्ही क्रिया 'ण्यात येत आहे' या एकाच क्रियापदाने लिहावयाच्या. ज्या काळात पदनाम प्रथमच उघडपणे कर्तृवाचक झाले, त्याच काळात वाक्यातील कर्ता सर्वस्वी नाहीसा झाला. अंबरनाथ व बदलापूर येथे प्रशासकाचा काळ सुमारे पाच वर्षे होता.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण 'अनधिकृत बांधकाम' हा शब्दप्रयोग होय. उल्हासनगरात हा प्रश्न इतका वाढला की न्यायालयीन आदेशांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केवळ त्या एका नगरासाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा विधिमंडळास करावा लागला. 'अधिकारी' आणि 'अनधिकृत' हे दोन्ही शब्द 'अधि' उपसर्गासह 'कृ' या एकाच धातूपासून आलेले आहेत. पण व्यवहारात त्यांचे नाते तुटले आहे. अनधिकृतपणा हा जणू भिंतीचा गुण, विटांचा दोष. परवानगी मागितली होती काय, ती कोणी नाकारली, इमारत मजल्यामागून मजला चढत असता ती पाहणे कोणाच्या अधिकारात होते, यांपैकी एकही प्रश्न ते विशेषण उपस्थित करीत नाही. ज्या कुटुंबाने आपली पुंजी घालून तेथे घर घेतले, त्याच्या वाट्यास मात्र ते विशेषण जन्मभर येते.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. कार्यालयीन भाषा निर्वैयक्तिक असणे हा तिचा दोष नसून गुण आहे. निर्णय व्यक्तीचा नसतो, पदाचा असतो. अधिकारी बदलला तरी आदेश टिकला पाहिजे. आणि नाव पुढे आले तर दबावाला व सूडाला वाट मिळते, असे अनुभवी अधिकारी म्हणतील. यातील तथ्य मान्य केले पाहिजे. परंतु व्यक्तीचे नाव गाळणे आणि पदाचे नाव गाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'नगरअभियंत्याने तपासले, मुख्याधिकाऱ्याने मंजूर केले' या वाक्यात एकाही व्यक्तीचे नाव नाही, तरीही उत्तरदायित्व पूर्णपणे सांगितले गेले आहे. 'तपासून मंजूर करण्यात आले' या वाक्यात ते नाही. निर्वैयक्तिकता पहिल्या वाक्यानेही साधते.

असे लिहिणे मराठीत अशक्य नाही, याचा पुरावा शासनानेच दिला आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली प्रत्येक सेवेसमोर तिची मुदत, 'पदनिर्देशित अधिकारी', 'प्रथम अपीलीय प्राधिकारी' व 'द्वितीय अपीलीय प्राधिकारी' हे प्रकट करणे बंधनकारक आहे. या संज्ञा बोजड आहेत हे खरे. परंतु जन्माचा दाखला किती दिवसांत, कोण देईल, आणि न दिल्यास कोणाकडे जावे, हे त्या फलकावर वाचता येते. बोजड शब्दांत सांगितलेला कर्ता हा सोप्या शब्दांत लपविलेल्या कर्त्यापेक्षा नागरिकाच्या अधिक उपयोगी पडतो. अंबरनाथच्या शिलाहारकालीन लेखातही राजाबरोबर त्याच्या अधिकाऱ्यांची नावे पदांसह कोरलेली आहेत. तेव्हा ही परंपरा आपल्यास परकी आहे असेही म्हणता येत नाही.

स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीच्या २०२२ च्या अधिनियमाने नगरपरिषदा व महानगरपालिका यांस मराठीचा वापर बंधनकारक केला. उल्हासनगरासारख्या बहुभाषी नगरात या तरतुदीस विशेष महत्त्व आहे. कारण तेथील सिंधीभाषक नागरिक नगराच्या कारभाराची मराठी दुसरी भाषा म्हणून वाचतो, आणि ज्याची भाषा दुसरी, त्याला अध्याहृत कर्ता ओळखणे सर्वांत कठीण जाते. कायदा मराठीची सक्ती करतो. ती मराठी कोणत्या घडणीची असावी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांचा आहे. परिभाषा-समित्यांनी आजवर प्रतिशब्द तपासले; यापुढे वाक्ये तपासावी लागतील. ठरावाच्या नमुन्यात प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा व अमलात आणणारा यांची पदे वेगळ्या ओळींत, कर्तरी रचनेने लिहावीत, एवढी एकच सुधारणा झाली तरी एका माणसाने तिन्ही ओळी भरल्या आहेत हे वाचकास तत्काळ दिसेल.

विद्यापीठाच्या विभागांतून दरवर्षी काही विद्यार्थी या सेवेत जातात. सेवाप्रवेशाच्या परीक्षेत त्यांचे मराठी तपासले जाते ते शुद्धलेखन, सारांशलेखन व अनुवाद यांच्या अंगाने. पहिल्या नेमणुकीच्या नगरात पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे सहीसाठी जी नस्ती येईल, तिच्यातील शेवटचे वाक्य बहुधा 'ण्यात येत आहे' या शब्दांनी संपलेले असेल. त्या वाक्याचा प्रयोग ओळखणे हा व्याकरणाचा शालेय अभ्यास आहे. त्यातील कर्ता शोधून तो कागदावर लिहिणे हे त्यांचे काम आहे.